चेअरमन लई निवळले हो!

ज्यांच्या घरातला एखादा तापट माणूस अचानक गोड वागायला लागला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. इतक्यात आनंद मानू नका. आधी त्याला डॉक्टरकडे न्या.

मला हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता. पण आमच्याकडे सल्ला देणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता, आणि जो तो उलटंच सांगत होता. म्हणून आता मीच सांगायचं ठरवलं आहे. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची सवय आहे. ती सवय या आजारात फार कामाला येते.

चौसाळ्याहून आत एका गावात आमचं घर आहे. माझे यजमान तिथल्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. सोसायटी त्यांनीच उभी केली आणि मग खुर्ची त्यांना चिकटली ती चिकटलीच. गावात लहानथोर सगळे त्यांना ‘चेअरमन’ म्हणतात, मुलगी ‘आबा’ म्हणते आणि मी आमच्या काळच्या रिवाजाप्रमाणे ‘अहो’ म्हणते. या लिखाणातही ते ‘हे’च राहतील.

ह्यांचा राग अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होता. दुधात पाणी सापडलं की हे अख्खा कॅन भर रस्त्यात ओतून द्यायचे, मग तो सख्ख्या मेव्हण्याचा का असेना. माझ्या भावाचा ओतला होता. त्यानंतर दोन दिवाळ्या मला माहेरचं बोलावणं आलं नाही.

टँकर आला का?

दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही. विहिरी कोरड्या पडल्या, दूध आटलं आणि सोसायटीनं गावाबाहेरच्या पडीक माळावर जनावरांची छावणी लावली. हे सकाळपासून तिथंच असायचे. घरी आले की पहिला प्रश्न, “टँकर आला का?” मी सांगायचे, आला. हातपाय धुऊन ताटावर बसले की पुन्हा तोच प्रश्न. जेवण संपलं की पुन्हा.

आता मला सांगा, यात कुणाला काय वेगळं वाटणार? त्या वर्षी सगळं गाव दिवसभर हाच प्रश्न विचारत होतं. शेजारीण विचारत होती, शाळेतली पोरं विचारत होती. तेच तेच विचारणं हे या आजाराचं पहिलं लक्षण असतं म्हणतात. आमच्याकडे ते दुष्काळात विरघळून गेलं.

दुसरं लक्षण म्हणजे तो गोडवा. हे कुणालाही ‘नाही’ म्हणेनात. कुणी चाऱ्याची जादा पेंढी मागितली, घ्या. कुणी दूध पातळ आणलं, असू द्या. लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, “बाई, चेअरमन लई निवळले हो! देवमाणूस झालाय अगदी.” माझे धाकटे दीर भास्कर सोसायटीचे व्हाइस चेअरमन आहेत. ते तर म्हणाले, “वहिनी, दादाला आता खरं राजकारण कळायलंय.” मलाही बरंच वाटलं, का खोटं बोलू? इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदाच शांतता होती.

मग पोळा आला. पोळ्याला बैल छावणीत कसे ठेवायचे, म्हणून लोकांनी एक दिवसापुरते घरी आणले. अंघोळ घालायला पाणी नव्हतं, तर ओल्या फडक्यानं पुसून घेतले. हेही आमची जोडी घेऊन आले. मी आरतीचं ताट घेऊन दारात गेले आणि बघते तर एक बैल आमचा, दुसरा भलत्याचाच.

“अहो, हा आपला नाही.”

“आपलाच हाय. तुला काय कळतंय बैलातलं?”

“आपल्याचं शिंग मोडकं आहे. याची दोन्ही धड आहेत.”

हे शिंगाकडे बघत राहिले. तेवढ्यात गावातला रामकिसन धापा टाकत आला. त्याचा बैल छावणीतून नाहीसा झाला म्हणून त्याच्या घरी रडारड चालली होती. त्याला आपला बैल आमच्या दारात दिसला आणि तो हसायलाच लागला.

आमच्याकडे शेतकरी एक वेळ लेकराचं नाव चुकेल, पण बैल चुकणार नाही. मी आरतीचं ताट खाली ठेवलं. पण दारात जमलेली सगळी मंडळी हसत होती. भास्कर भाऊजी म्हणाले, “वहिनी, दुष्काळात बैल काय न् माणूस काय, समदी सारखीच दिसायलीत. हाडंच तर ऱ्हायलीत!” सगळ्यांना ते पटलं. रामकिसननं जाताना पुरणपोळीही खाल्ली.

बदाम, ब्राह्मी आणि करणी

त्यानंतर मी दोन-चार जणांपाशी बोलले. ते बोलणं म्हणजे फुकटचा ताप होता. जाऊबाई म्हणाल्या, रात्री बदाम भिजत घाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळा. एक पाहुणे म्हणाले, ही विरोधी पॅनेलनं केलेली करणी आहे, माझ्या माहितीतला माणूस आहे, नारळ घेऊन या. आणि बाकीच्यांचं एकच, “साठी बुद्धी नाठी, बाई. वयानं व्हायचंच.”

वयानं व्हायचंच! या एका वाक्यानं मला जितका वैताग दिला तितका आजारानंही दिला नसेल. वयानं चष्मा कुठं ठेवला ते विसरतं, मान्य. चष्मा हातात घेऊन हा कशाला वापरतात, असं कुणी विचारलं तर ते वय नव्हे. शेजाऱ्याचं नाव ओठावर येऊन अडतं, ते वय. रोजच्या पायवाटेवर उभं राहून इकडं जाऊ की तिकडं, असं झालं तर ते वय नव्हे. हा फरक मला नंतर कळला. गावाला अजून कळलेला नाही.

मी बदामही भिजवले, तेलही चोळलं. फक्त नारळ घेऊन गेले नाही.

मग एक दिवस हे मोटारसायकल घेऊन चौसाळ्याला निघाले. गाडीचा सुटा भाग आणायचा होता. दुपार टळली तरी पत्ता नाही. मी फोनाशीच बसून होते. शेवटी फोन आला तो पार दुसरीकडच्या युसूफ वडगाव या गावाहून, ह्यांच्या भाच्याचा.

“मामी, मामा इथं आलेत.”

“तिकडं? कशाला?”

“आईला भेटायचंय म्हणायलेत. मी सांगितलं, मामा, आईला जाऊन लई वर्षं झाली, तुमीच तर खांदा दिला. तर म्हणाले, बरं बरं, मग येऊ दे तिला शेतातून, मी बसतो.”

मी भास्कर भाऊजींना बोलावून हे सांगितलं. मला वाटलं, आता तरी भाऊजींच्या डोक्यात प्रकाश पडेल. ते म्हणाले, “बहिणीची याद आली आसंल. माणूस हळवा होतोय दुष्काळात.”

मी त्याच संध्याकाळी तेलगावला सुनंदाला फोन केला. सुनंदा माझी मुलगी, तिकडं दिलेली. तिनं ‘वयानं होतं’ म्हटलं नाही. ती म्हणाली, “आई, मी येते. औरंगाबादला जाऊ.” मला रडू आलं, कारण इतक्या दिवसांत समोरच्या माणसानं पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं होतं.

विषय क्रमांक एक

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बसून बसून कंबर मोडली. ह्यांनी शेजारच्या माणसाला तीन वेळा नमस्कार केला आणि तीनही वेळा “कुठलं गाव?” असं विचारलं. तो माणूस बिचारा तीनही वेळा सांगत होता. पुढं कळलं, तो आपल्या बायकोला घेऊन त्याच डॉक्टरांकडे आला होता. म्हणून त्याला सवय होती.

डॉक्टर बाई सुनंदापेक्षाही लहान दिसत होत्या. त्यांनी ह्यांना विचारलं, “बाबा, आज वार कोणता?”

हे म्हणाले, “छावणीत वार नसतोय म्याडम. जनावराला काय रविवार आन् काय सोमवार?”

डॉक्टर हसल्या. मी नाही हसले. मला ही युक्ती माहीत होती. उत्तर येईना की हे भाषण करायचे. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले आणि म्हणाल्या, मी थोड्या वेळानं विचारीन, लक्षात ठेवा. थोड्या वेळानं विचारलं तर हे म्हणाले, “ते आमच्या सचिवाला विचारा. लिहून घेणं त्याचं काम हाय.” घड्याळ काढा म्हटलं तर म्हणाले, मनगटावर असताना काढायचं कशाला? तरी काढलं. गोल बरा आला. आकडे सगळे एका बाजूला दाटीवाटीनं बसले, दुसरी बाजू रिकामी. माझ्या पहिलीच्या वर्गातली पोरं याहून बरं काढायची.

शेवटी त्या म्हणाल्या, मनाला येईल ते एक वाक्य लिहा. ह्यांनी पेन घेतलं आणि न थांबता झरझर, सुंदर अक्षरात लिहिलं: ‘विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’

सुनंदा खिडकीकडे वळली. मी तिचे खांदे हलताना पाहिले.

मग रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन झाला. तपासण्या टाळू नका, हे मी मुद्दाम सांगते. कधी कधी जीवनसत्त्व कमी असतं, थायरॉइड बिघडलेलं असतं, आणि त्यानंही माणूस विसरतो. ते औषधानं सुधारतं. मी रोज देवाला म्हणत होते की तसंच काही निघू दे. नाही निघालं.

“डिमेन्शिया,” डॉक्टर म्हणाल्या. “स्मृतिभ्रंश.”

मग त्या विचारत गेल्या. बीपी आहे? आहे. गोळ्या नियमित? मी ह्यांच्याकडे पाहिलं. नाहीत. बरं वाटलं की हे गोळ्या बंद करायचे. साखर? आहे. तंबाखू? आहे, विड्याही होत्या. डोक्याला कधी मार? एकदा गाडीवरून पडून बेशुद्ध झाले होते. ऐकू कमी येतं का? येतं, आणि फार वर्षांपासून. कानाचं यंत्र आणलेलं आहे, पण ते कपाटात. कारण काय, तर “चेअरमनच्या कानात यंत्र दिसलं तर विरोधक काय म्हणतील?”

एकेका प्रश्नाला ‘हो’ म्हणताना मला चीड येत होती. यातलं आमच्या घरात नाही असं एकही नव्हतं. मी विचारलं, म्हणजे हे यामुळं झालं? त्या म्हणाल्या, अमुक एकामुळं झालं असं बोट ठेवून सांगता येत नाही. या गोष्टी असल्या की धोका वाढतो. सगळं सांभाळणाऱ्यालाही होतं, काहीच न सांभाळणारा कधी सुटतो. पण जे आपल्या हातात आहे ते तरी आता करा. यंत्र कपाटातून काढा.

“बरं होईल का?” सुनंदानं विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “थोडं सावकाश करता येईल. तुमचं जगणं थोडं सोपं करता येईल.”

हे मधेच मला म्हणाले, “झालं का गं यांचं काम? चारा उतरवायचा हाय.”

मला कुणाचा राग आला होता, सांगता येत नाही. डॉक्टरांचा काय दोष? ह्यांचा तरी काय? एसटीत बसल्यावर मी खिडकीला डोकं टेकवलं. हे वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव बरोबर सांगत होते.

बिनविरोध

घरी आल्यावर मी भास्कर भाऊजींना सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. मला वाटलं, भावाच्या काळजीनं. ते म्हणाले, “वहिनी, हे कुणापाशी बोलू नका.”

“कावून?” मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

“सभा तोंडावर आलीय. दादाचं नाव आसलं की बिनविरोध व्हतंय. दादा बाजूला झाला की चार जण उभे ऱ्हातील, भांडणं व्हतील, सोसायटी फुटंल. एवढी टरम जाऊ द्या.”

“अहो, त्यांना आजचा वार सांगता येत नाही!”

“वार सचिव सांगतोय की. दादानं नुसतं बसायचं.”

“आणि सह्या?”

“त्यापण बसूनच करायच्या असतात.”

इथं माझं डोकं फिरलं. मला त्या खुर्चीचं काही पडलेलं नव्हतं. मला सह्यांचं भय होतं. पूर्वी हे एकेक कागद तीनदा वाचायचे, ओळीखाली रेघ मारायचे, माणसाला ताटकळत ठेवायचे. आता कुणीही कागद घेऊन घरी यायचं, हे न वाचता सही ठोकायचे आणि वर म्हणायचे, “चहा घेऊन जा.” मी पेनं लपवली. लोक आपली पेनं घेऊन यायला लागले.

आणि हा माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीच्या जोरावर ताठ मानेनं चालला होता. भर सभेत म्हणायचे, “माझ्या सहीवर कुणी बोट ठिवून दाखवा.” उद्या कुणी नको ते मंजूर करून घेतलं असतं, तर गावानं काय म्हटलं असतं? चेअरमन म्हातारपणी खायला शिकला. आणि हे खुलासा करायच्या स्थितीतही नसते. ह्यांची आठवण जाणार हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाव मात्र मी जाऊ देणार नव्हते.

भाऊजींनी शेवटचं हत्यार काढलं. “येड लागलं म्हणत्याल लोक. सुनंदाच्या सासरी काय वाटंल?”

सुनंदा आतून म्हणाली, “माझ्या सासरचं माझी मी बघते, काका.”

पिंप

रोजचं जगणं कसं होतं तेही सांगते, कारण नुसतं ‘सेवा केली’ म्हटलं की लोकांना आरतीचं ताट दिसतं.

एका सकाळी टँकर आला. मी आणि शेजारणीनं मिळून आमचं मोठं पिंप भरलं. मी आत चहा टाकला, तेवढ्यात ह्यांनी हात धुवायला पिंपाची तोटी सोडली आणि तशीच ठेवून ओट्यावर जाऊन बसले. मी बाहेर आले तर अंगणात चिखल, कोंबड्या खूश, पिंप रिकामं. पुढचा टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती, तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मी ओरडले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ओरडू नका, वाद घालू नका, त्यांना कळत नाही. मलाही कळत होतं की त्यांना कळत नाही. तरी ओरडले, घसा बसेपर्यंत ओरडले.

हे उठून उभे राहिले. चिखलाकडे बघितलं आणि त्यांच्या जुन्या आवाजात गरजले, “कुणी सांडलं हे पाणी? नाव सांग मला त्याचं. त्याचं पाणीच बंद करतो!”

शेजारीण फसकन हसली. मग मीही हसले, चिखलातच बसून. त्या दिवशी तिनं दोन घागरी आणून दिल्या आणि एक शब्द बोलली नाही.

अंघोळीवरून रोज भांडण, कारण ‘आत्ताच केली’. जेवणावरून भांडण, कारण ‘मला कुणी वाढलंच न्हाई’. दिवेलागणीला तर काय व्हायचं कोण जाणे, घरात बसून “घरी जायचंय” म्हणायचे. आधी मी समजावत बसायचे, हेच घर आहे, ही भिंत बघा, हा फोटो बघा. नंतर शहाणी झाले. म्हणायचे, चला. वेशीपर्यंत एक चक्कर मारायची आणि परत यायचं. “आलं बाबा घर एकदाचं,” म्हणून हे खाटेवर पडायचे.

बरं काही घडलंच नाही असंही नाही. एसटी थांब्यावरचा हॉटेलवाला गणपत. हे त्याच्याकडे चहा पिऊन घरी यायचे आणि पाठ फिरवून पुन्हा चहाला जायचे. मी त्याला साखरेचं सांगायला गेले, तर तो म्हणाला, “म्हाईत हाय बाई. पयल्यांदा आले की आख्खा कप देतो, मग निसता घोटभर, बिनसाखरेचा. न्हाई म्हणलं की त्यांचं तोंड उतरतंय.” त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. आणि कानाचं यंत्र लावल्यावर खरंच फरक पडला. समोरचा काय बोलतो ते कळायला लागल्यावर ह्यांचं बावरणं जरा कमी झालं. इतकी वर्षं ते यंत्र माझ्या लुगड्यांच्या घडीखाली पडून होतं, हे आठवलं की आजही माझा जीव जळतो.

सूचक, अनुमोदक

सभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात होती. ह्यांना फेटा बांधून खुर्चीत बसवलं. फेटा बांधला की हे पूर्वीसारखेच दिसायचे, म्हणून तर सगळ्यांचं फावत होतं. मी बायकांच्या बाजूला बसले. दोन म्हशींच्या जिवावर मी सोसायटीची सभासद आहे, तेव्हा मला तिथून कुणी उठवू शकत नव्हतं.

सचिवांनी मागचं इतिवृत्त वाचलं. मंजूर, मंजूर. चाऱ्याचा विषय झाला. मंजूर, मंजूर. हे प्रत्येक विषयाला खुर्चीतून म्हणायचे, “सूचक कोण? अनुमोदक कोण?” आणि नावं आली की पुढं जायचे. एकही चूक नाही. लोक एकमेकांकडे कौतुकानं बघत होते. मला वाटलं, आता मी उठले तर मीच वेडी ठरेन.

भास्कर भाऊजी उभे राहिले. “पुढची टरम चेअरमनसाहेबांनीच संस्था सांभाळावी, असं मी...”

मी उठले.

“थांबा भाऊजी. मला बोलायचंय.”

वर्गात बोलायचे तसं बोलले. सांगितलं की ह्यांना आजार आहे, त्याचं नाव डिमेन्शिया, ते वेड नव्हे आणि करणीही नव्हे. मेंदूचा आजार आहे, बरा होणारा नाही. मागून कुणीतरी बोललं, “चांगले तर बोलायलेत की चेअरमन!”

“सभा चालवता येते त्यांना,” मी म्हणाले. “ती झोपेतही चालवतील. पण हा कागद बघा. हा त्यांचा राजीनामा. आज सकाळी मी समोर ठेवला, त्यांनी न वाचता सही केली. मी कपडे धुवायच्या साबणाचा कागद ठेवला असता तर त्यावरही केली असती. तुमच्यापैकी कोण कोण कागद घेऊन आमच्या घरी येऊन गेलंय ते मला माहीत आहे. मी नावं घेणार नाही. पण उद्या काही निघालं तर ती सही या माणसाची नव्हती, हे आज सगळ्यांनी कानानं ऐका.”

रामकिसन पुढच्या रांगेत बसला होता, तो जमिनीकडे बघत पुटपुटला, “मला पोळ्यालाच कळलतं. बोलायची हिंमत झाली न्हाई.”

राजीनामा खरं तर संचालक मंडळापुढं ठेवायचा असतो, हे मला माहीत होतं. पण आमच्या गावात देवळापुढं ठरतं तेच खरं, कायद्याचं सचिव नंतर बघतात. सचिवांनी कागद हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “सूचक?”

कुणीही हात वर करेना. चेअरमनला खुर्चीवरून उठवणारा म्हणून आपलं नाव लिहिलं जावं, असं कुणाला वाटेल? भाऊजी आपला फेटा काढून मांडीवर घेऊन बसले होते. सचिवांनी पुन्हा विचारलं.

खुर्चीतून हे वैतागले. सभेत खोळंबा झालेला त्यांना कधीच खपला नाही. “अरे, सूचक कोण हाय? बोला की बे! उन्हं कलायलीत, लोकांना धारा काढायच्यात. कुणी न्हाई का? मग घाला माझं नाव. सूचक मी. अनुमोदक कोण?”

माझ्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली.

मी हात वर केला. सचिवांनी माझं नाव लिहिलं.

“मंजूर?” ह्यांनी विचारलं.

“मंजूर,” लोक म्हणाले, पण नेहमीसारखे ओरडून नाही.

“पुढचा विषय घ्या,” हे म्हणाले.

सभा संपल्यावर आम्ही दोघं पायी घराकडे निघालो. हे खुशीत होते. म्हणाले, सभा चांगली झाली, भांडण झालं नाही. थोडं चालल्यावर थांबले.

“कुणाचा राजीनामा व्हता गं तो?”

खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण दिवसभर खरं बोलून झालं होतं.

“तुमचा.”

हे पुन्हा चालायला लागले. मला वाटलं, विसरले. मग म्हणाले, “बरं झालं. मला जमतच न्हवतं. लई दिस झाले.”

“तुम्हाला कळत होतं?”

“थोडं थोडं.”

“अहो, मग बोलला का नाहीत? निदान मला तरी सांगायचं!”

“तू चिडली आसतीस,” हे म्हणाले.

मी चिडले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मी चिडलेच. तिथंच रस्त्यात उभी राहून, डोळे पुसत, मी ह्यांना वाट्टेल ते बोलले. हे मान खाली घालून ऐकत राहिले. लोक सभेहून परतत होते, आमच्याकडे बघून वाट वाकडी करत होते. बोलून बोलून थकल्यावर मी ह्यांचा हात धरला. आमच्या गावात भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरायची पद्धत नाही.

“घर कंच्या अंगाला?” ह्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “चला, दाखवते.”